पासावरची नथवाली

बायजाबाईचा एस.टी.चा पास मी पहिल्यांदा पाहिला आणि मला हसू आवरेना. पासावरच्या फोटोत एक गोरीपान बाई होती. हनुवटीपर्यंत आलेली नथ, गळ्याला घट्ट ठुशी, डोक्यावरून घेतलेला जरीचा पदर आणि नुकतंच कुणीतरी दचकवल्यासारखे मोठे डोळे. आणि पास हातात धरून माझ्या शेजारी बसलेली बायजाबाई काळीसावळी, हडकुळी, विटक्या लुगड्यातली, अंगठा तुटलेली चप्पल पिशवीत घेऊन आलेली.

"हे कोण?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "हसून घे. सगळी हसतात. तुझं हसून झालं की माझा तीनाचा पाढा घे."

मी गोदू, अंबाडीची. सहावीत असताना माझी शाळा सुटली. मग लग्न ठरलं, मग मोडलं, आणि घरात बसून मी सगळ्यांवर वसावसा ओरडायला लागले. तेव्हा वडिलांनी मला भिवंडीच्या वर्गात घातलं. एका महिला मंडळाने त्र्याहत्तर साली शाळा सुटलेल्या बायकांसाठी हा वर्ग काढला होता. दोन वर्षांत सातवी. वर्गाच्या मुख्य बाईंनी सगळ्यांसाठी विद्यार्थी पासाच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. मी एकोणीस वर्षांची, सगळ्यांत लहान. बायजाबाई चौतीस वर्षांची, तीन मुलांची आई. पासाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिची चिठ्ठी दोनदा वाचली आणि मान बाहेर काढून विचारलं, "विद्यार्थिनी कुठे आहे?"

बायजाबाई दिघाशीची. दिघाशीहून अंबाडी नाक्यापर्यंत ती पायी यायची आणि तिथून आम्ही दोघी वाड्याहून येणारी भिवंडीची गाडी धरायचो. तिला शिकायची हौस वगैरे काही नव्हती, हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. गावात बालवाडी निघायची होती आणि बालवाडीला सातवी पास झालेली गावातलीच बाई पाहिजे होती. दिघाशीत सातवी पास बाई एकही नव्हती. बायजाबाई माहेरी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे त्या गावातली सगळ्यांत शिकलेली सून. गावाने दोन वर्षं थांबायचं कबूल केलं होतं. पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये ती पास झाली तर नोकरी तिची, नाही तर बाहेरून बाई आणायची.

"आनि बाहेरची बाय टिकंल का?" ती म्हणायची. "चार म्हैने ऱ्हाईल आनि जाईल. मंग पोरं पुन्हा ढोरांमागं."

आता तो फोटो. पासाला फोटो लागतो हे कळलं तेव्हा घरात मोठाच प्रश्न उभा राहिला. बायजाबाईचा फोटो जन्मात कधी निघाला नव्हता. लग्नातलाही नाही. तिची सासू राहीबाई. तिनेच सुनेला शिकायला धाडलं होतं. "मी हाय घरी, ढोरं बगते, पोरं बगते, तू जा," असं भर पंचायतीत सांगून तिने सगळ्या पुरुषांची तोंडं बंद केली होती. पण फोटोच्या बाबतीत राहीबाईचं मत पक्कं होतं. त्या घरांत फोटो म्हणजे मेलेल्या माणसाचा, हार घातलेला, भिंतीवरचा.

"फोटू काय रोज रोज निघतो?" ती म्हणाली. "एकदाच निघनार. उद्या तू मेलीस की ह्योच भिंतीवर लागनार. पतवंडं काय म्हनतील, आमची आजी उघडी-बोडकी होती? नटून जा."

मग आळीतल्या बायका जमल्या. पाटलांच्या घरची नथ आली, जावेची ठुशी आली, कुणाचा तरी शालू आला. आदल्या लग्नातली उरलेली पावडर निघाली. भर मंगळवारी, गावात ना लग्न ना बारसं, बायजाबाई नवरीसारखी नटून अंबाडीच्या बाजारातून चालत गेली. लोक विचारायचे, "कुनाचं लगीन?" नवरा रघू लाजून तिच्यापासून वीस पावलं मागे चालत होता. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मला न्हाय ठावं. मी बैल बगाया चाललोय."

भिवंडीच्या फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवलं आणि "श्वास धरा, हलू नका" असं सांगितलं. तिने असा श्वास धरला की फोटो निघून फोटोवाला आतल्या खोलीत गेला तरी सोडला नाही. शेवटी रघू ओरडला तेव्हा सोडला. त्याउपर फोटोवाल्याने आपली कला दाखवून तिला ब्रशने आणखी उजळ केलं. कपाळावरचा लहानपणीचा व्रणही पुसून टाकला. फोटो घरी गेला तेव्हा राहीबाई खूश झाली. "हां. आता मेलीस तरी चालंल," ती म्हणाली. बायजाबाई ही गोष्ट सांगायची आणि स्वतःच डोळे पुसेपर्यंत हसायची.

आमच्या गाडीचा कंडक्टर अनंता नावाचा होता. बारीक, मिशीवाला, जिभेला हाड नसलेला. पहिल्या दिवशी त्याने पास हातात घेतला, फोटो पाहिला, बायजाबाईकडे पाहिलं आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, ह्या पाहुण्या बाई कुठे उतरल्या?"

गाडी हसली. माझं डोकं तापलं. पण बायजाबाई शांतपणे म्हणाली, "आमच्याच घरातल्या हायेत. रोज न्हाय येत. दमतात."

त्या दिवसापासून अनंताने तिचा पास कधी उघडून पाहिला नाही. "नथवाल्या बाई बऱ्या आहेत ना?" एवढंच विचारायचा आणि पुढे जायचा. आता मला वाटतं, तिथेच आमचं चुकलं. त्याने पहिल्या दिवशीच "फोटो बदला" म्हणून दामटून सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

दोन वर्षं आम्ही त्या गाडीने गेलो. दर महिन्याला पासाची मुदत वाढायची, पण फोटोचं कार्ड तेच. बायजाबाईला मराठी यायचं, इतिहास यायचा, गणित मात्र डोक्यात शिरत नव्हतं. अपूर्णांक तिला वर्गात कळले नाहीत, गाडीत कळले. अनंता पोराचं अर्धं तिकीट फाडत होता, तेव्हा ती एकदम म्हणाली, "म्हंजे दोन पोरं झाली की एक मानूस. आनि तीन पोरं झाली की दीड." मी म्हटलं, "बरोबर." मग भिवंडी येईपर्यंत ती गाडीतल्या पोरांची बेरीज करत बसली.

मीही तिला एकदा म्हटलं होतं, "वयनी, साधा फोटो काढून लावा. ह्या फोटोने कधीतरी गोत्यात याल." तिने घरी जाऊन विचारलं. राहीबाईचं उत्तर तयार होतं. "एक हाय ना? दुसरा कशाला? दोनदा मरायची हायेस का?"

पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये परीक्षा आली. मराठीचा पेपर झाला, बाकीचे झाले आणि शेवटी गणित राहिलं. ती रात्रभर झोपली नव्हती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. पेपर अकराला होता. आम्ही नेहमीची गाडी धरली. त्या दिवशी अनंता रजेवर होता आणि त्याच्या जागी कुणी नवा होता. गाडी लग्नाच्या वऱ्हाडाने गच्च भरलेली. मंडळी शेलारला निघाली होती. बायका शालू नेसलेल्या, अंगावर असेल नसेल तेवढं सोनं घातलेलं, मांडीवर रुखवताची ताटं. आम्ही दोघी कशाबशा एका बाकड्याच्या कडेला टेकलो. बायजाबाई ओठांतल्या ओठांत सरळव्याजाचा नियम म्हणत होती.

दुगाड फाट्याला गाडी थांबली आणि चेकर चढला.

वयस्कर माणूस, नाकावर चष्मा, सावकाश बोलणारा. वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हणते. त्या दिवशी मला तो राक्षस वाटला होता. दुसऱ्याच्या पासावर फिरणारी माणसं पकडणं हे त्याचं कामच होतं आणि तशी माणसं असायचीही. एकीचा पास दुसरी वापरायची, थोरल्या भावाचा धाकटा वापरायचा. त्याने माझा पास बघून परत दिला. मग बायजाबाईचा घेतला. फोटोकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हा कुणाचा पास आहे?"

"माझाच," बायजाबाई म्हणाली.

"हा विद्यार्थ्यांचा पास आहे."

"मी इद्यार्थीच हाय."

मागच्या बाकड्यावरचं कुणीतरी फिसकन हसलं. चेकर हसला नाही. "बाई, ह्या फोटोतली मुलगी पंचविशीची आहे. तुमच्या सुनेचा आहे की भाचीचा? खरं सांगितलंत तर बरं."

मी उठले. बायजाबाई तीच आहे, आमचा वर्ग आहे, आज परीक्षा आहे, हे सगळं मी एका दमात सांगितलं. अर्थात ओरडूनच. तिचा परीक्षेचा कागद काढून दाखवला. चेकर म्हणाला, "कागदावर नाव आहे, तोंड नाही. आणि तुम्ही मैत्रीण, तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार." पासावर सही नव्हती, होता तो फक्त फोटो. पास जप्त करावा लागेल, भिवंडीला उतरल्यावर डेपोत येऊन जबानी द्यावी लागेल, असं त्याने सांगितलं. किती वेळ लागेल म्हणून मी विचारलं. "साहेब येतील तसं. बारा, एक."

अकराला पेपर होता. दोन वर्षांची पायपीट, राहीबाईने सांभाळलेली ढोरं आणि पोरं, गावाने थांबवलेली बालवाडी, सगळं त्या एका फोटोवर येऊन अडलं.

"मी तिचं तिकीट काढते," मी म्हटलं. "पूर्ण तिकीट. आणि काय दंड असेल तो."

तेव्हा बायजाबाईने माझा हात धरला. "न्हाय गोदू. तिकीट काढलं तं पास माझा न्हाय, आसं कबूल केल्यावानी व्हईल. मी चोर न्हाय." आणि चेकरला म्हणाली, "साहेब, फोटूत नथ हाय. मला नथ न्हाय, म्हनून तुमाला वळखत न्हाय. ती मागून आनलेली होती."

मग पुढच्या बाकड्यावरून एक दणकट बाई उठली. नवऱ्या मुलीची मावशी, शेलारलाच दिलेली सीताबाई. तिचं नाव आम्हाला मागाहून कळलं. तिने रुखवताचं ताट शेजारणीच्या मांडीवर ठेवलं आणि चेकरला म्हणाली, "थांबा जरा साहेब. नथच पायजे ना?"

आणि तिने स्वतःच्या नाकातली नथ काढली.

मग त्या चालत्या गाडीत जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकीने ठुशी काढून दिली. एकीने शालूचा पदर सोडून बायजाबाईच्या डोक्यावरून आणला आणि स्वतः तिच्या बाकड्यामागे पदराला बांधल्यासारखी ओणवी उभी राहिली. कुणाच्या पिशवीतून पावडरचा डबा निघाला. गाडीने खड्डा घेतला आणि अर्धी पावडर चेकरच्या बाहीवर सांडली. सीताबाईने बायजाबाईची हनुवटी वर केली, नथ नाकात अडकवली आणि मागे सरली.

नथ चढली मात्र, बायजाबाई ताठ झाली. तिने श्वास धरला. डोळे मोठे झाले. दोन वर्षांपूर्वी फोटोवाल्याने सांगितलेलं तिच्या अंगातून अजून गेलं नव्हतं. तोच दचकलेला चेहरा, हुबेहूब तीच मान.

चेकरने पास तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. गाडीतली सगळी माणसं त्याच्या मानेबरोबर मान हलवत होती. मी ओरडले, "वयनी, श्वास सोडा."

चेकर हसला. पहिल्यांदाच. त्याने पास मिटून तिच्या हातात दिला. "कोणती इयत्ता?"

"सातवी."

"आज काय?"

"गनित."

"मग वाचत बसा, बाई," तो म्हणाला. "आणि फोटो बदला." ह्या वेळी तो 'बाई' म्हणाला ते शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं म्हणाला, आणि मला तिथेच रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

तेवढ्यात शेलार आलं. वऱ्हाड घाईघाईने उतरलं. ठुशीवालीने ठुशी ओढून घेतली, शालूवालीने पदर घेतला, ताटं उतरली, ताशा वाजला, गाडी सुटली. भिवंडीच्या स्टँडवर उतरेपर्यंत बायजाबाई डोळे मिटून व्याजाचा नियम म्हणत होती. मी तिच्याकडे पाहिलं. नथ तिच्याच नाकात होती.

"अगं आई," ती म्हणाली. "लोकाचं सोनं. चल, मागं जाऊ."

"पेपर झाल्यावर जाऊ."

"तंवर ती बाय काय म्हनंल? नथीची चोर म्हनंल मला."

मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "वयनी, ह्या नथीमुळे तुम्ही इथवर आलात. आता तिच्यामुळेच पेपर बुडवलात तर त्या बाईने ती दिली कशाला?" तिला ते पटलं. मग नथ ठेवायची कुठे हा प्रश्न आला. पिशवीला भोक, कमरेला गाठ मारली तर सुटायची भीती. शेवटी नाक हीच सगळ्यांत सुरक्षित जागा ठरली. बायजाबाईने गणिताचा पेपर नथ घालून दिला. खाली वाकून लिहिताना मोती कागदाला लागायचे, म्हणून डाव्या हाताने नथ उचलून धरायची आणि उजव्या हाताने लिहायची. देखरेखीच्या बाईंनी दोनदा तिच्याशेजारी येऊन पाहिलं आणि पुढे गेल्या.

पेपर सुटताच आम्ही परत शेलारची गाडी धरली. मांडव शोधायला लागला नाही. पंगती बसल्या होत्या. सीताबाई पानांत भात वाढत होती, नाक मोकळं. आम्हाला बघताच ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आली गं, आली. मी मघापासून सांगतेय ना, माझी नथ परीक्षेला गेलीय." मग बायजाबाईला जवळ घेऊन विचारलं, "कसा गेला पेपर?"

बायजाबाईने नथ काढून तिच्या हातात ठेवली आणि तिथे, भर मांडवात, ढसाढसा रडली. सीताबाईने तिला रडू दिलं आणि मग दोघींना पंगतीत बसवलं. आम्ही पोटभर जेवलो. सकाळपासून दोघींच्याही पोटात काही नव्हतं.

बायजाबाई पास झाली. गणितात पस्तीस. पस्तीसला एक कमी नाही, एक जास्त नाही. मी पासष्ट मिळवूनही तिच्याएवढी खूश नव्हते. जूनमध्ये दिघाशीची बालवाडी निघाली. पहिल्या दिवशी एकवीस पोरं आली. त्यांतली निम्मी तिने स्वतः ढोरांमागून उचलून आणली होती.

पहिला पगार झाला तेव्हा तिने सासूला विचारलं, काय आणू? राहीबाईने लुगडं मागितलं नाही, काही मागितलं नाही. म्हणाली, "माजा फोटू काढ. म्हातारी झाले, आता भिंतीची तयारी करायला पायजे." मला निरोप आला, मीही गेले. आम्ही तिघी अंबाडीहून गाडीत चढलो. अनंता होता. राहीबाईचं तिकीट काढताना त्याने विचारलं, "आजी, आज नथवाल्या बाई नाही आल्या?" राहीबाई म्हणाली, "त्या नोकरीला लागल्या."

फोटोवाला तोच होता. त्याने पावडरचा डबा काढला, आरसा पुढे केला. बायजाबाईने पिशवीतून पाटलांच्या घरची नथ काढली. सासूसाठी ती मुद्दाम मागून आणली होती. राहीबाईने नथीकडे पाहिलं आणि हाताने बाजूला सारली. डोक्यावरचा सुती पदर नीट केला आणि स्टुलावर बसली.

"आत्याबाई, घाला ना," बायजाबाई म्हणाली. "तुमीच म्हनायचा, एकदाच निघतो."

"म्हनून तं नको," राहीबाई म्हणाली. "तुजी गोष्ट मी ऐकली न्हाय का? वर बी कुनी चेकर आसंल. तिथं नथ द्यायला शीताबाय न्हाय यायची. जशी हाय तशी काढ रं बाबा."

फोटोवाल्याने "श्वास धरा" म्हटलं. राहीबाईने धरला नाही. ती बोलतच राहिली.

तो फोटो थोडा हललेला आला. त्यानंतर ती आणखी अकरा वर्षं जगली. आता तो दिघाशीच्या घरात भिंतीवर आहे, तोंड उघडं, कपाळावर आठ्या, एक हात उचललेला. बालवाडीची पोरं पाणी प्यायला त्या घरात यायची आणि राहीबाई गेल्यावरही वर्षानुवर्षं येत राहिली. फोटोकडे बोट करून ती एकमेकांना सांगायची, "ती बग, राहीआजी आपल्याला वराडतेय." कुणालाही तिचं नाव सांगावं लागलं नाही.